'डिग्रीनंतर पुढं काय?' मंचरमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना मेंटॉर नेमकी काय मदत करू शकतो?

कॉलेजचं शेवटचं वर्ष लागलं की एक प्रश्न पाठ सोडत नाही. लग्नात भेटलेले मामा विचारतात, एसटी स्टँडवर भेटलेला शाळेतला मित्र विचारतो, रात्री जेवताना वडील विचारतात. 'मग, पुढं काय?'

मंचरमध्ये शिकणाऱ्या मुलांपुढं रस्ते कमी नाहीत. दक्षिणेला चाकणची एमआयडीसी आहे. त्यापुढं पुणं, म्हणजे स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि अभ्यासिका. जवळच अवसरीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निक आहे. घरी कांदा, बटाटा, ऊस किंवा दुधाचा धंदा आहे. रस्ते अनेक दिसतात आणि एकही आपला वाटत नाही, तिथून ताण सुरू होतो.

अशा वेळी 'एखादा मेंटॉर शोध' असा सल्ला हमखास मिळतो. पण मेंटॉर म्हणजे कोण? तो शिक्षक असतो की समुपदेशक? तो फी घेतो का? आणि मंचरसारख्या गावात तो शोधायचा कुठं? समजून घेऊया.

आधी हे पाहू, ताण येतो कुठून?

'आजकालची पोरं नाजूक झालीत' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण आकडे बघितले तर काळजी वाटणं साहजिक आहे.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये पोलीस भरती झाली. जागा होत्या १७,४७१ आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजारांहून जास्त. म्हणजे एका जागेमागं साधारण शंभर अर्ज. तलाठी भरतीला २०२३ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. तुम्ही पहाटे उठून धावत असाल, तर तुमच्यासारखे किती जण धावतायत हे तुम्हाला चांगलं माहीत असतं.

त्यात नियम बदलतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचा निर्णय आयोगानं घेतला, तेव्हा हा बदल पुढं ढकलावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. शेवटी तो बदल २०२५ पासून लागू करायचं ठरलं. दोन-तीन वर्षं एका पद्धतीनं तयारी केलेल्यांसाठी हा मोठा धक्का होता.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. राज्य सरकारच्या बहुतेक पदांसाठी वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे. पण त्यामुळंच 'अजून एक अटेम्प्ट' कुठं थांबवायचा हे बाहेरून कुणी सांगत नाही. ते स्वतःच ठरवावं लागतं, आणि एकट्यानं ठरवणं सगळ्यात अवघड जातं.

मग मेंटॉर म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द ग्रीक महाकाव्य 'ओडिसी'मधून आलाय. ओडिसियस युद्धाला निघाला, तेव्हा घरची आणि लहान मुलाची काळजी घ्यायला त्यानं आपल्या एका मित्राला सांगितलं. त्या मित्राचं नाव मेंटॉर. त्या नावाचाच पुढं अर्थ झाला, 'आपल्यापेक्षा थोडं पुढं गेलेलं, विश्वासाचं माणूस'.

आपल्याकडं तीन वेगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात मारली जातात. ती आधी वेगळी करू.

मेंटॉर: तुम्ही ज्या रस्त्याचा विचार करताय, त्यावरून चाललेला किंवा तुम्हाला जवळून ओळखणारा माणूस. तो अनुभव सांगतो, प्रश्न विचारतो, ओळखी करून देतो आणि काही महिने तुमच्या संपर्कात राहतो.

समुपदेशक: मनातला गोंधळ आणि भावना हाताळण्याचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. करिअर समुपदेशक तुमची आवड आणि क्षमता बघून अभ्यासक्रमांची माहिती देतो.

मानसोपचारतज्ज्ञ: डॉक्टर. झोप, भूक, भीती, नैराश्य यांवर उपचार करतो, गरज असेल तर औषध देतो.

कॉलेजातले सर चांगले मेंटॉर असू शकतात, पण ते डॉक्टर नाहीत. आणि इन्स्टाग्रामवरचा 'करिअर कोच' या तिन्हींपैकी एकही नसू शकतो. त्याबद्दल पुढं बोलूच.

मंचरशी याचा जुना संबंध आहे

मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं आहे. त्याच्या विज्ञान शाखेला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. रयतचा इतिहास बघितला, तर 'मेंटॉर' हा शब्द येण्याआधी हे काम कसं चालायचं ते कळतं.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथं संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, काम करायची आणि शिकायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. 'कमवा आणि शिका' ही कल्पना तिथूनच पुढं रुजली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली आजची कमवा व शिका योजनाही कर्मवीरांच्याच नावानं चालते.

यातून एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. भाऊरावांनी मुलांना 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगितलं नाही. त्यांनी आधी राहण्याची, जेवणाची आणि कामाची सोय लावली. कारण ताण दरवेळी मनातूनच येतो असं नाही. फी, भाडं, एसटीची वेळ, रात्री शेताला पाणी द्यायची पाळी, अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेनं घरी जाणं, यातूनही तो येतो. चांगला मेंटॉर आधी याची चौकशी करतो.

हल्लीचं एक उदाहरण गडचिरोलीचं आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. राज्यभरातले तरुण तिथं शिबिरांना जमतात आणि 'मी माझ्या आयुष्याचं काय करू?' या प्रश्नावर एकत्र विचार करतात. आधी स्वतःला आणि आजूबाजूच्या समाजाला समजून घ्या, मग करिअर ठरवा, असा तिथला क्रम आहे.

कॉलेजनं मेंटॉर द्यायलाच हवा का?

याचं उत्तर अनेकांना माहीत नसतं, त्यामुळं कुणी मागतही नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका आणली. नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजात रुळवताना त्यांच्या छोट्या गटाला एक शिक्षक मेंटॉर म्हणून द्यावा, अशी कल्पना त्यात आहे. नॅकच्या मूल्यांकनातही एका मेंटॉरमागं किती विद्यार्थी आहेत, हा प्रश्न विचारला गेलाय. त्यामुळं बहुतेक कॉलेजांत कागदावर तरी तुमचा मेंटॉर असतो. ऑफिसमध्ये किंवा वर्गशिक्षकांना 'माझे मेंटॉर कोण?' असं थेट विचारा.

त्यापुढचं मोठं पाऊल २५ जुलै २०२५ चं आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं १५ मार्गदर्शक तत्त्वं दिली. शाळा, कॉलेज, विद्यापीठं, कोचिंग क्लास आणि वसतिगृहं या सगळ्यांना ती लागू आहेत. त्यातल्या तुमच्या कामाच्या गोष्टी अशा:

- १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवायचा आहे.
- परीक्षेच्या आणि शिक्षणातल्या बदलाच्या काळात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक द्यायचे आहेत.
- मार्कांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बॅच करणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळायचं आहे.
- विद्यार्थी आणि पालक दोघांसाठी नियमित करिअर समुपदेशन ठेवायचं आहे.
- टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावायचे आहेत.

कॉलेजात हे दिसत नसेल, तर दोन-चार जणांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. 'समुपदेशक कधी असतात आणि मेंटॉरचे गट कोणते, हे नोटीस बोर्डवर लावावं' एवढी साधी मागणीही पुरते.

पहिल्या भेटीत काय होतं?

बऱ्याच मुलांना वाटतं, मेंटॉरकडं गेलं की तो सांगेल 'तू हे कर'. चांगला मेंटॉर असं सहसा करत नाही. तुमचा भलामोठा प्रश्न तो तुमच्यासोबत बसून लहान करतो. नमुन्यादाखल हा संवाद बघा. टी.वाय.बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेली एक मुलगी तिच्या सरांशी बोलतेय.

'सर, मला काहीच सुचत नाहीये. सगळं हातातून चाललंय असं वाटतं.'

'बस आधी. सगळं म्हणजे काय काय? या कागदावर लिही. एका ओळीत एकच गोष्ट.'

ती लिहिते. एम.एस्सी.ची फी किती असेल माहीत नाही. पप्पा म्हणतात पोलीस भरतीचा फॉर्म भर. मैत्रिणी पुण्याला एमपीएससीच्या क्लासला चालल्यात. ऑरगॅनिकचा पेपर राहिलाय. घरी स्थळं बघायला लागलेत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही.

'आता बघ. फीचं काय आहे?'

'ते शोधावं लागेल.'

'म्हणजे ती माहिती आहे, काळजी नाही. शुक्रवारपर्यंत शोधून मला सांगायचं. ऑरगॅनिकचं?'

'अभ्यास करावा लागेल.'

'बरोबर. रोज एक तास त्याला दे. पप्पांशी आणि स्थळांबद्दल बोलावं लागेल, ते कसं बोलायचं ते आपण ठरवू. एमपीएससी तुला आवडते की मैत्रिणी चालल्यात म्हणून वाटतंय, हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि झोपेचं किती दिवस झालं?'

'तीन आठवडे असतील सर.'

'मग त्यासाठी डॉक्टरांना भेटू. ते माझं काम नाही, पण तू म्हणालीस तर मी सोबत येतो, नाहीतर मॅडमना पाठवतो.'

इथं सरांनी एकही करिअर सुचवलेलं नाही. पण 'सगळं हातातून चाललंय' या एका गाठोड्याच्या सहा ओळी झाल्या. त्यातली एक माहितीची, एक अभ्यासाची, दोन घरी बोलण्याच्या, एक करून बघण्याची आणि एक तब्येतीची. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. मेंटॉरचं बहुतेक काम हेच असतं.

हे तुम्ही आज रात्री वहीत स्वतःही करू शकता. फरक इतकाच, की शुक्रवारी कुणीतरी विचारणार आहे हे माहीत असलं की काम होतं.

'करून बघणं' म्हणजे काय?

घरी बसून विचार केल्यानं आवड कळत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन क्रंबोल्ट्झ यांनी करिअरबद्दल मांडलेला एक विचार इथं उपयोगी पडतो. आयुष्यातल्या बऱ्याच संधी अचानक समोर येतात, त्यामुळं सगळं आधीच ठरवण्यापेक्षा छोट्या छोट्या गोष्टी करत राहा आणि संधी येईल अशा ठिकाणी स्वतःला ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मंचर परिसरात, फार खर्च न करता, काय काय करून बघता येईल?

स्पर्धा परीक्षा: पुण्यात खोली घेण्याआधी आयोगाच्या वेबसाइटवरून अभ्यासक्रम आणि जुनी प्रश्नपत्रिका काढा. घड्याळ लावून एक पेपर सोडवा. मग तीन महिने कॉलेजच्या लायब्ररीत रोज ठरलेले तास बसा. त्यानंतरही वाचावंसं वाटत असेल तर पुढचा विचार करा. वाटत नसेल, तर खोलीभाडं आणि क्लासची फी वाचली.

कंपनीतली नोकरी: चाकणला किंवा इथल्या दूध प्रकल्पात काम करणाऱ्या ओळखीच्या कुणाशी अर्धा तास बोला. शिफ्ट किती तासांची? नोकरी कायम आहे की कंत्राटी? हातात किती पगार पडतो? पाच वर्षांपूर्वी लागलेले आज कुठं आहेत? मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पात्र तरुणांना विद्यावेतनासह कामाचा अनुभव घेता येतो. २०२४ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा पदवीधरांसाठी ही रक्कम महिना १०,००० रुपये ठरली होती. सध्याच्या अटी अर्ज करण्याआधी बघून घ्या.

संशोधन: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथं आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं. भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एकदा जाऊन तिथल्या लोकांशी बोलावं.

शेती: 'काहीच नाही जमलं तर शेती' असं म्हणण्याआधी घरच्या एका पिकाचा एका हंगामाचा जमाखर्च स्वतः लिहा. बियाणं, खत, मजुरी, गाडीभाडं, बाजार समितीतली पट्टी, सगळं. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन तज्ज्ञांशी बोला. शेती हा शेवटचा पर्याय आहे की पहिला, हे त्या वहीतून कळेल.

शिक्षकी पेशा: गावातल्या आठवी-नववीच्या चार मुलांना महिनाभर गणित किंवा इंग्रजी शिकवा. बी.एड.ची सीईटी त्यानंतर.

प्रत्येक प्रयोगाला तारीख लावा. 'जमलं तर करू' असं नको, '१५ तारखेपर्यंत' असं हवं. आणि एखादा मोठा मार्ग निवडलात, तर थांबायची तारीखही आधीच ठरवा. 'दोन अटेम्प्ट, त्यात प्रिलिमही निघाली नाही तर दुसरा रस्ता' हे सुरुवातीलाच मेंटॉरसमोर लिहून ठेवा. निकालाच्या दिवशी असा निर्णय शांतपणे घेता येत नाही.

पैशाचं काय?

बऱ्याचदा 'मला कळत नाहीये' या वाक्यामागं 'परवडेल का?' हा प्रश्न असतो. तो लाजून लपवू नका. मेंटॉरला खरं सांगितलंत, तरच तो योग्य दार दाखवेल.

राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि 'स्वयम्' योजनेची चौकशी करावी. सारथी, बार्टी आणि टीआरटीआय या तिन्ही संस्था पुण्यातच आहेत. आपापल्या गटातल्या विद्यार्थ्यांसाठी त्या स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या योजना राबवतात.

मेंटॉर शोधायचा कुठं?

'आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही, आमची ओळख कुठून असणार?' हा प्रश्न खरा आहे. पण ओळख फार जवळचीच लागते असं नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. लोकांना नोकऱ्या कशा मिळाल्या हे तपासताना त्यांना दिसलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर जिवलग मित्राकडून मिळालीच नव्हती. कधीतरी भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते तुम्हालाही माहीत असतंच. नवी माहिती थोड्या लांबच्या माणसाकडं असते.

म्हणून शोध असा घ्या: तुमच्या विभागातले सर किंवा मॅडम. तुमच्या कॉलेजातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले दादा-ताई. गावातून भरती झालेली, बँकेत किंवा कंपनीत लागलेली माणसं. शाळेतले जुने गुरुजी. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी.

पहिला मेसेज छोटा ठेवा. उदाहरणार्थ:

'नमस्कार दादा, मी मंचरच्या कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. तुम्ही क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करता असं गावातल्या काकांकडून कळलं. या कामाबद्दल मला तीन प्रश्न विचारायचे आहेत. रविवारी १५ मिनिटं फोनवर बोलता येईल का? नाही जमलं तरी चालेल.'

यात 'माझे मेंटॉर व्हाल का?' असं कुठंही नाही. थेट तसं विचारलं की समोरचा गडबडतो. १५ मिनिटं मात्र बरेच जण देतात. बोलणं झालं की त्यांनी सांगितलेली एक गोष्ट करून बघा आणि पंधरा दिवसांनी 'दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, हे झालं' असा मेसेज टाका. नातं तिथून सुरू होतं.

शिवाय एकाच माणसात सगळं शोधू नका. अभ्यासाला सर, नोकरीच्या माहितीला दादा, मन मोकळं करायला मावशी, असे दोन-तीन जण चालतात.

घरी कसं बोलायचं?

'मला पोलीस व्हायचंच नाही' असं जेवताना एकदम सांगितलं, की भांडण ठरलेलं. पप्पांच्या आग्रहामागं बऱ्याचदा भीती असते. बाजारभाव पडला की काय होतं ते त्यांनी बघितलेलं असतं, म्हणून त्यांना महिन्याचा पक्का पगार हवा असतो. त्या भीतीचं उत्तर घेऊन जा. 'मला एम.एस्सी. करायचंय. फी इतकी आहे, ही शिष्यवृत्ती आहे, त्यानंतर या नोकऱ्या आहेत. दोन वर्षांत नाही जमलं तर मी हे करेन.' आकडे आणि तारीख दिसली की बोलणं पुढं सरकतं. अडलंच, तर मेंटॉरला घरी चहाला बोलवा. गावाकडं सरांच्या शब्दाला अजून मान आहे.

पैसे घेणारा 'मेंटॉर' खरा की खोटा?

रील बघताना 'ओन्ली टेन सीट्स लेफ्ट, जॉइन माय मेंटॉरशिप' असं रोज दिसतं. फी घेणं हा गुन्हा नाही. पण पैसे भरण्याआधी हे तपासा: नोकरीची किंवा निकालाची खात्री देतात का? आजच्या आज पैसे भरायला सांगतात का? यशस्वी म्हणून दाखवलेल्या मुलांनी नेमका कोणता कोर्स घेतला होता? पैसे परत मिळायचा नियम लेखी आहे का?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची हमी देता येत नाही आणि यशस्वी उमेदवाराचं नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, असं त्यात आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

मेंटॉर ओळखीचा असला तरी काही गोष्टी खटकायला हव्यात. तो तुमच्या गोष्टी इतरांना सांगतो, इंटर्नल मार्कांचा धाक दाखवतो, एकटीला अवेळी बोलावतो, 'हे घरी सांगू नको' म्हणतो. अशा माणसापासून लगेच लांब व्हा. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं तक्रार करता येते. दुसऱ्या विश्वासातल्या शिक्षकालाही लगेच सांगा.

मेंटॉर पुरत नाही, हे कधी ओळखायचं?

परीक्षेआधी धडधडणं, निकालाच्या आदल्या रात्री झोप न लागणं हे बहुतेकांना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, कॉलेजला जाणं बंद झालं असेल, दारूसारख्या गोष्टींचा आधार लागत असेल, तर सल्ला पुरत नाही. उपचार लागतात. आणि 'आपण नसलेलंच बरं' असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

एनसीआरबीच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. म्हणून मित्र असं काही बोलला तर 'वेडा झालास का' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. 'तुला जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं असा विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि मोठ्या माणसाला सांगा. हे गुपित ठेवायचं नसतं.

मदत कुठं मिळेल?

- टेली-मानस: १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, २४ तास, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.
- मनोदर्पण: ८४४८४४०६३२. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची विद्यार्थ्यांसाठीची हेल्पलाइन.
- मंचरचं उपजिल्हा रुग्णालय: तिथल्या डॉक्टरांना सांगितलं तर पुढं कुठं दाखवायचं ते कळेल. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.
- जीवाला धोका वाटत असेल तर ११२.

थोडक्यात काय?

मेंटॉर तुमचं करिअर निवडून देणार नाही आणि भरतीतल्या जागाही वाढवणार नाही. 'माझं कसं होणार?' या प्रश्नाचे तो 'फी किती?', 'कुणाशी बोलू?', 'कधीपर्यंत करू?' असे छोटे प्रश्न करतो. त्यांची उत्तरं मिळतात.

या आठवड्यात एवढं करा. मनातलं सगळं कागदावर एकेका ओळीत लिहा. त्यातली एक ओळ निवडा. ज्याला ती विचारता येईल अशा एका माणसाला मेसेज करा. आणि पुढच्या वेळी लग्नात मामांनी 'पुढं काय?' विचारलं, तर त्यांना सांगा, 'मामा, १५ तारखेपर्यंत हे करून बघतोय, मग सांगतो.'